साक्षीदाराविना केलेले काम

नोकरीच्या अर्जासोबत जाणाऱ्या सीव्हीत दोन नोकऱ्यांच्या तारखांमधले जे महिने कोणत्याही मालकाच्या नावे लागत नाहीत, त्यांना भरतीच्या बोलीत ‘गॅप’ म्हणतात, आणि हा गॅप ज्याचा असेल त्याने स्वतःहून त्याचा खुलासा करावा अशी अपेक्षा असते. पगारदार माणसाच्या बाबतीत ही अपेक्षा फारशी वावगी नाही, कारण नोकरी असणे आणि काम असणे या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात बहुधा एकाच दिवशी सुरू होतात आणि एकाच दिवशी संपतात. मात्र जो भाषांतरकार, संकलक, आरेखक किंवा संगणकप्रणाली लिहिणारा कोणाचाही नोकर न होता एकेका ग्राहकाचे एकेक काम करारावर घेतो, त्याच्याकडून हाच खुलासा मागितला जातो तेव्हा मूळ प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेलेला असतो. त्याच्या सीव्हीतली मोकळी जागा पुष्कळदा कामातला खंड दाखवत नाही. काम झाल्याची साक्ष देणारा कोणी उरला नाही, एवढेच ती दाखवते. कामाचा खंड आणि साक्षीचा खंड यांची ही गल्लत कशी रूढ झाली आणि ती मोडायची जबाबदारी कोणाकोणावर येते, हे तपासण्याजोगे आहे.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांत ‘कॉन्ट्रॅक्टवर आहे’ असे ज्याच्याविषयी म्हटले जाते तो बहुतेक वेळा मुक्त व्यावसायिक नसतो. तो मनुष्यबळ पुरवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या पेरोलवर, म्हणजे पगारपत्रकावर असतो. तिथून त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो आणि तो प्रत्यक्षात बसतो मात्र तिसऱ्याच कंपनीच्या कचेरीत. प्रकल्प संपला की पगारपत्रकावरचे नाव कमी होते, दुसरा प्रकल्प मिळाला की दुसऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर चढते, आणि मधले तीन आठवडे किंवा तीन महिने नोंदीत उघडे पडतात. त्याचा गॅप निदान खरा तरी असतो. मुक्त व्यावसायिकाचे नाव मात्र मुळातच कोणत्याही पगारपत्रकावर नसते, त्यामुळे त्याने सलग सहा वर्षे दिवसाला दहा तास काम केले असले तरी नोंदीच्या दृष्टीने ती सहाही वर्षे रिकामीच राहतात. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या वर्गाविषयी आहे.

काम केल्याचा पुरावा म्हणजे मालकाचे प्रमाणपत्र, ही कल्पना नवी नाही आणि तिचा उगम फारसा सोज्वळही नाही. इंग्लंडमधल्या १५६३ च्या कारागीरविषयक कायद्याने नोकराला आधीच्या धन्याकडून रीतसर मुक्त झाल्याचा दाखला घेतल्याशिवाय गाव सोडायला मनाई केली होती. नेपोलियनच्या काळात, १८०३ मध्ये, फ्रान्समध्ये कामगाराला स्वतःजवळ एक पुस्तिका बाळगणे बंधनकारक झाले. तिच्यात प्रत्येक मालक त्याच्या येण्याजाण्याची नोंद करी आणि अशा पुस्तिकेविना फिरणारा कामगार भटक्या समजून धरला जाऊ शके. ही पद्धत पूर्णपणे रद्द व्हायला १८९० साल उजाडले. वसाहतकाळातल्या हिंदुस्थानात साहेबाकडे कामाला लागणारे बटलर आणि आया आधीच्या साहेबांनी दिलेल्या शिफारशीच्या चिठ्ठ्या जपून ठेवत, आणि अशा चिठ्ठ्या उसन्या घेतल्या जातात किंवा विकत मिळतात ही तक्रारही तितकीच जुनी आहे. या सर्व व्यवस्थांत एक गृहीत समान होते, ते असे की माणूस कोणाच्या ना कोणाच्या चाकरीत असायचाच, आणि तो तसा नसेल त्या काळात त्याने काय केले याचा संशय घेणे रास्त आहे.

आजचे रिलीव्हिंग लेटर, म्हणजे आधीच्या नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, याच कुळातले आहे. फरक इतकाच, की पूर्वी कागदावर होते ते आता आकड्यांत आले आहे. भविष्यनिर्वाह निधी संघटनेने २०१४ पासून प्रत्येक सभासदाला बारा अंकी कायमचा क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि त्यामुळे एका माणसाच्या सर्व नोकऱ्यांत रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा एका ठिकाणी दिसू लागल्या. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रासाठी त्याआधीच, २००६ मध्ये, नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री ही पडताळलेल्या माहितीची नोंदवही उभी राहिली होती. निवड झाल्यावर होणारी पार्श्वभूमीची पडताळणी, जिला कचेऱ्यांत ‘बीजीव्ही’ या आद्याक्षरांनीच ओळखतात, ती मुख्यतः अशा नोंदींवर चालते. पडताळणी करणाऱ्यापुढे ठरावीक रकाने असतात आणि त्यांत कंपनीचे नाव, पद, तारखा, वरिष्ठाचे नाव आणि सोडण्याचे कारण भरायचे असते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने वरिष्ठाच्या रकान्यात काय लिहावे, याचे उत्तर त्या नमुन्यात नसते. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला या मनोवृत्तीची ओळख तर शिकत असतानाच होते: बारावीनंतर वर्षभर थांबून अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या मुलाकडून ‘गॅप सर्टिफिकेट’ या नावाचे प्रतिज्ञापत्र घेतले जाते, आणि मधल्या काळात आपण दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असे त्याला शपथेवर सांगावे लागते. रिकामे वर्ष म्हणजे शपथेने धुऊन काढायची गोष्ट, हा संस्कार तिथूनच सुरू होतो.

तरीही भरती करणाऱ्याचा संशय निव्वळ खोडसाळ आहे असे म्हणून चालणार नाही. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत-सिद्धान्ताचा आशय असा, की उमेदवाराची खरी कुवत नोकरी देणाऱ्याला आधी दिसत नसल्याने तो कुवतीशी संबंध असणाऱ्या पण सहज दिसणाऱ्या खुणांवर विसंबतो. पदवी ही तशी एक खूण, आणि सलग नोकरी ही दुसरी. क्रॉफ्ट, लँग आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सुमारे शंभर शहरी भागांतल्या जाहिरातींना काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवून २०१३ मध्ये असे दाखवले, की बेकारीचा काळ वाढेल तशी मुलाखतीला बोलावण्याची शक्यता घटते आणि ही घट पहिल्या आठ महिन्यांत सर्वांत तीव्र असते. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष कमी उद्धृत होतो, पण तो अधिक बोलका आहे: जिथे मुळातच नोकऱ्यांची टंचाई असते तिथे हा परिणाम सौम्य होतो, कारण तिथे काम नसणे हा उमेदवाराचा दोष आहे असे नोकरी देणाऱ्यालाही वाटत नाही. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि रूथ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशाच प्रयोगात पूर्वीच्या बेकारीचा काही परिणाम आढळला नाही. चालू बेकारी नऊ महिन्यांच्या पुढे गेली असेल तरच ती आड आली. म्हणजे अनुभवी माणूस वाचत असेल तर तो जुन्या खंडाला फारशी किंमत देत नाही. पण आज पहिले वाचन बहुतेक वेळा माणूस करतच नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, सहा महिन्यांहून मोठा खंड असलेले अर्ज यांत्रिक चाळणीतच बाजूला काढणाऱ्या कंपन्यांचे प्रमाण जवळपास निम्मे आहे. ज्याला खुलासा करायचा आहे त्याचा खुलासा वाचण्याआधीच निकाल लागलेला असतो.

संशयाला दुसरेही एक कारण आहे आणि ते मुक्त व्यावसायिकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी टाळू नये. नोकरी गेलेला, परीक्षांची तयारी करणारा, आजारातून उठलेला, घरी वृद्धांची सेवा करणारी किंवा मूल लहान म्हणून थांबलेली, अशा कितीतरी जणांना ‘त्या काळात फ्रीलान्सिंग करत होतो’ असे लिहिण्याचा सल्ला सर्रास मिळतो. हा सल्ला मानणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण घरच्या माणसाची शुश्रूषा केली असे खरे लिहिणाऱ्याला त्याचे बक्षीस क्वचितच मिळते. परिणाम मात्र असा होतो, की पांघरूण म्हणून वापरल्या गेलेल्या शब्दाची पत जाते. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले ते इथे जसेच्या तसे लागू पडते: चांगला आणि वाईट माल बाहेरून सारखाच दिसत असेल तर ग्राहक सगळ्यालाच वाईट मालाची किंमत देऊ लागतो. ज्याने खरोखर सहा वर्षे स्वतंत्र व्यवसाय केला त्याच्या वाट्याला त्यामुळे दुसऱ्यांच्या पांघरुणाचा संशय येतो, आणि शब्दाची पत गेली की पुराव्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पुरावा मागितला तर तो देता येईल, असे वरकरणी वाटते. पगारदाराला मालकाकडून फॉर्म १६ मिळतो, तसा व्यावसायिकाला ग्राहकाकडून फॉर्म १६अ मिळतो. त्यात ग्राहकाने कापून सरकारजमा केलेल्या कराची नोंद असते, आणि अशा सर्व नोंदी फॉर्म २६एएस या वार्षिक विवरणात एकत्र दिसतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम १९४ज याच कामासाठी घातलेले होते. पण या जाळ्याची भोके मोठी आहेत. एका ग्राहकाकडून वर्षभरात मिळणारी रक्कम तीस हजारांच्या आत असेल तर करकपात होत नसे, आणि एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा पन्नास हजारांवर गेली. छोट्या मराठी प्रकाशकासाठी एखादे पुस्तक अनुवादित करणाऱ्याचे किंवा दिवाळी अंकाची मांडणी करून देणाऱ्याचे मानधन पुष्कळदा या मर्यादेच्या खालीच राहते. तीन महिन्यांचे काम होते, अंक बाजारात येतो, आणि सरकारी नोंदीत त्याचा मागमूस नसतो. परदेशी ग्राहक तर भारतात कर कापतच नाही. त्याच्या कामाची खूण म्हणजे बँकेत उतरलेली रक्कम आणि बँकेने दिलेला आवक परकी चलनाचा कागद, एवढीच.

जिथे नोंद होते तिथेही ती कामाची होत नाही, पैशाची होते. फेब्रुवारीत केलेल्या कामाचे बिल मार्चमध्ये जाते, त्याचे पैसे ऑगस्टमध्ये येतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने लहान पुरवठादाराचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायला सांगितले आहे, पण या कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून नोंदणी करणारे आणि नोंदणी करून ग्राहकाशी भांडणारे व्यावसायिक विरळाच. परिणामी बँकेच्या उताऱ्यावरून एखाद्याचा कार्यकाल मांडला तर तो ज्या महिन्यांत रात्रीचा दिवस करत होता ते महिने रिकामे दिसतात आणि ज्या महिन्यांत खरोखर काम नव्हते ते भरलेले दिसतात. प्राप्तिकराचे विवरणपत्र वर्षाची बेरीज सांगते, महिन्यांचा हिशेब सांगत नाही. त्यातही एक विचित्र गोष्ट अशी, की २०१६-१७ या आर्थिक वर्षापासून आलेल्या कलम ४४एडीए ने ठरावीक व्यवसायांतल्या लहान व्यावसायिकांना मोठी सवलत दिली: एकूण जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली की हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नाही. सवलत योग्यच होती. पण वह्या ठेवण्याच्या कटकटीतून सुटलेला मनुष्य सात वर्षांनी नोकरीच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याने कोणत्या महिन्यात काय केले हे सांगू शकणारी वहीच त्याच्यापाशी नसते.

आणखी एक अडचण पुराव्याच्या अभावाची नाही, त्याच्या अतिरेकाची आहे. विवरणपत्र पुढे ठेवले की उत्पन्नाचा आकडा उघड होतो आणि नव्या पगाराची बोलणी त्या आकड्यापासून सुरू होतात. फॉर्म २६एएस पुढे ठेवला की ग्राहकांची नावे उघड होतात, आणि त्यांपैकी अनेकांशी गोपनीयतेचा करार झालेला असतो. दुसऱ्याच्या नावाने पुस्तक लिहून देणाऱ्या लेखकाचे तर कामच असे, की ते आपण केले हे न सांगण्याचेच पैसे त्याला मिळालेले असतात. पगारदाराचे रिलीव्हिंग लेटर त्याच्या कामाविषयी फक्त दोन तारखा आणि एक पद सांगते. मुक्त व्यावसायिकाने तितकीच गोष्ट सिद्ध करायची तर त्याला स्वतःचा सारा आर्थिक व्यवहार उघडा करावा लागतो, आणि ही विषमता भरतीच्या कोणत्याही नमुन्यात विचारात घेतलेली नसते.

या सगळ्यातून जे महिने खरोखर कामाविना गेले तेवढे वेगळे काढले, तरी त्यांचाही खुलासा मागणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच. मुक्त व्यावसायिकाचा दर ठरतो तेव्हा त्यात नुसत्या कामाच्या तासांची किंमत नसते; नवा ग्राहक शोधण्याचे दिवस, अंदाजपत्रके लिहिण्याचे तास, थकलेल्या बिलांमागचा पाठपुरावा, आजारपण आणि दोन कामांमधला कोरडा काळ हे सगळे त्याच दरात बसवलेले असते. पगारदाराची रजा आणि सुट्ट्या मालक सोसतो. इथे तेच ओझे दरामार्फत ग्राहक सोसतो. मराठी रंगभूमीवरचा पडद्यामागचा कलाकार ‘नाईट’च्या हिशेबाने पैसे घेतो, म्हणजे जितके प्रयोग तितक्या नाईट; पण पावसाळ्यात प्रयोग कमी झाले म्हणून त्याच्या कारकिर्दीत खंड पडला असे नाट्यव्यवसायात कोणी म्हणत नाही, कारण त्या व्यवसायाला स्वतःची चाल माहीत आहे. अधूनमधून काम नसणे हा या जीवनपद्धतीचा दोष नाही, तिची रचनाच तशी आहे, आणि दरात आधीच धरलेल्या काळाचा जाब उमेदवाराकडून पुन्हा मागणे म्हणजे एकाच गोष्टीची वसुली दोनदा करणे होय.

यावरून खुलासा कसा लिहावा याचीही दिशा मिळते. प्रत्येक लहान काम स्वतंत्र नोकरीसारखे तारखांसह मांडणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक प्रकार, कारण त्यामुळे एक सलग व्यवसाय अकरा तुकड्यांत फुटतो आणि तुकड्यांमधल्या दहा फटी दिसू लागतात. स्वतंत्र व्यवसाय हाच एक कार्यकाल धरून त्याला एकच आरंभ आणि एकच अखेर द्यावी, त्याखाली कोणत्या प्रकारच्या ग्राहकांसाठी कोणते काम केले, त्यातून काय निष्पन्न झाले आणि किती ग्राहक पुन्हा परत आले हे लिहावे; गोपनीयता आड येत असेल तिथे नावाऐवजी क्षेत्र आणि कामाचा आवाका सांगावा. ही लपवाछपवी ठरत नाही, कारण दुकानदार आपले दुकान कोणत्या साली उघडले हे सांगतो, गिऱ्हाईक कोणत्या दिवशी आले नाही हे सांगत नाही. शुश्रूषेसाठी किंवा आजारपणामुळे जो काळ खरोखर थांबावे लागले तो मात्र या कार्यकालात मुरवू नये. तो वेगळा, एका ओळीत आणि विशेषणांशिवाय लिहावा, नाहीतर शब्दाची पत घालवण्यात आपलाही हातभार लागतो. ब्रिटनमध्ये क्रिस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ हजारांहून अधिक अर्ज पाठवून केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे आढळले, की नोकऱ्यांपुढे तारखा न लिहिता किती वर्षे काम केले एवढेच लिहिले, तर खंड दिसणाऱ्या सीव्हीच्या तुलनेत सुमारे १५ टक्के आणि खंड नसलेल्या सीव्हीच्याही तुलनेत सुमारे ८ टक्के अधिक प्रतिसाद येतो. दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. तारखा काढल्याने केवळ उणीव झाकली जाते असे नाही, तर वाचणाऱ्याचे लक्ष अनुभवाकडे वळते. मात्र भारतातल्या बहुतेक ऑनलाइन अर्जांत महिना आणि वर्ष भरल्याशिवाय पुढचे पान उघडतच नाही, त्यामुळे हा उपाय अर्जदाराच्या हाती पूर्णपणे नाही. तो नमुना तयार करणाऱ्याच्या हाती आहे.

काम थांबणे आणि सेवा खंडित होणे यांतला भेद भारतीय कायद्याला कधीच कळला नव्हता असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम २५ब मध्ये ‘सलग सेवे’ची जी व्याख्या होती, तिच्यानुसार आजारपण, मंजूर रजा, अपघात, बेकायदा नसलेला संप, टाळेबंदी किंवा कामगाराचा दोष नसताना बंद पडलेले काम यांमुळे सेवा खंडित होत नसे, आणि बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले तर वर्ष सलग धरले जाई. ज्या गोष्टींना आज सीव्हीत गॅप म्हणतात त्यांपैकी निम्म्या गोष्टी कायद्याने सातत्यातच मोजल्या होत्या. मुंबईच्या कापडगिरण्यांत रोज सकाळी दारावर उभ्या राहणाऱ्या बदली कामगारांसाठी गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये दरमहा कार्ड देण्याची पद्धत सुरू केली, तीही अनिश्चित कामाला निश्चित नोंद देण्याचीच एक तऱ्हा होती, जरी तिच्यामागे कामगाराच्या हितापेक्षा गिरणीची सोय अधिक असली तरी.

याहून पुढचे पाऊल महाराष्ट्राने १९६९ मध्ये टाकले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून आलेल्या माथाडी कायद्याने, आज या व्यापाऱ्याच्या पेढीवर तर उद्या त्या गोदामात ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी मंडळे स्थापन केली. कामगार मंडळाकडे नोंदवला जातो, मालकही मंडळाकडे नोंदवला जातो, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही म्हणजे अधिभार मालक मंडळात भरतो, आणि मंडळ त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान आदींची व्यवस्था लावते. या मंडळांच्या कारभारावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. तरी प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने त्यांनी सिद्ध केलेली गोष्ट मोलाची आहे: एकही कायम मालक नसलेल्या माणसाच्या कामाची अखंड नोंद राहू शकते, फक्त साक्षीदाराची भूमिका मालकाकडून काढून तिसऱ्या संस्थेकडे सोपवावी लागते.

त्यानंतर पन्नास वर्षांनी, सामाजिक सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेने ‘गिग कामगार’ या वर्गाला व्याख्या दिली: मालक-नोकर या पारंपरिक संबंधाबाहेर काम करून जो कमावतो तो. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख अंदाजली आणि ती २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले. व्याख्येच्या शब्दांत पुण्यात बसून बर्लिनच्या ग्राहकासाठी प्रणाली लिहिणारा मनुष्यही येतो. पण संहितेतली निधीची तरतूद मुख्यतः अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे काम देणारा आणि घेणारा यांची अ‍ॅपवर गाठ घालून देणाऱ्या कंपन्या, यांच्या वर्गणीवर बेतलेली आहे, आणि ज्याचे काम ओळखीतून, ईमेलवर आणि थेट करारातून येते त्याच्यासाठी अशी वर्गणी भरणारा आणि ओघाने नोंद ठेवणारा मध्यस्थच नसतो. माथाडी मंडळाच्या धर्तीवर अशा व्यावसायिकांचे मंडळ काढावे, ही सूचना तर्काला धरून आहे, पण तिच्या वाटेत दोन अडथळे आहेत. मुंबईतल्या व्यापाऱ्याकडून लेव्ही घेता येत होती, परदेशातल्या ग्राहकाकडून ती घेण्याचा अधिकार कोणत्याही राज्याच्या मंडळाला नाही. दुसरा अडथळा व्यावसायिकांच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचा आहे: हमालाला आपण कामगार आहोत हे मान्य करायला अडचण नव्हती, तर मुक्त व्यावसायिक स्वतःला उद्योजक समजतो, संघटनेला बंधन मानतो, आणि कामगार म्हणून नोंद व्हावी असे त्याला नोकरीच्या शोधात पुन्हा बाहेर पडेपर्यंत वाटत नाही.